पकडवाल्या काकू

पकडवाल्या काकू पडल्या की हसायच्या. आम्ही मुली पडायला घाबरायचो, पडताना डोळे मिटून घ्यायचो आणि मग कोपर चोळत बसायचो. काकूंना कुणी उचलून गादीवर टाकलं की आधी त्यांचा हात आपटल्याचा आवाज यायचा आणि त्याच्या मागोमाग हसू. मोठ्याने नाही, कानात कुणी गमतीचं सांगितल्यासारखं. चाळिशी ओलांडलेली, अंबाडा घातलेली, चष्मा काढून खिडकीत ठेवलेली एक बाई गादीवर उताणी पडून हसते आहे, असं दृश्य आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं.

क्लास जुजुत्सूचा, म्हणजे हत्याराशिवाय स्वतःला वाचवायच्या जपानी डावांचा होता. पार्ल्यात, शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी भरायचा. आमच्या बिल्डिंगीत पहिला रंगीत टीव्ही आला होता त्या सुमाराची ही गोष्ट. स्टेशनच्या वाटेवर मुलींना त्रास झाल्याच्या एकदोन बातम्या कानावर आल्या आणि आमच्या आयांनी आम्हाला तिथे धाडलं. सर दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी करायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. गाद्या काथ्याच्या, वर ताडपत्री ताणलेली. अंगात जाड मांजरपाटाचे सदरे, बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेले. काकूंचा सदरा आमच्यासारखाच, पण खाली नवऱ्याचा लेंगा, घोट्याशी दुमडून टाचलेला. त्या साडी नेसून यायच्या, बाकांच्या मागे कपडे बदलायच्या आणि क्लास सुटला की पुन्हा साडी नेसून, निऱ्या झटकून भाजी घ्यायला जायच्या. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं होतं की ह्या कुणाला तरी पोचवायला आल्यात.

त्यांना नाव पडलं ते त्यांच्या एका प्रश्नामुळे. सर एखादा नवा डाव दाखवायचे. मनगट कसं पिरगळायचं, कोपराचा सांधा कसा उलटा दाबायचा. आमच्या अंगात वीरश्री संचारायची. काकू मात्र हात वर करून विचारायच्या, "सर, ह्यात समोरच्याला लागतं का?" लागतं म्हटलं की त्यांचा त्या डावातला रस संपला. फेकणं, पिरगळणं त्या सरांचा मान राखायला म्हणून करायच्या. खाली घेऊन नुसतं धरून ठेवायच्या पकडी निघाल्या की डोळे चमकायचे. "ही पुन्हा दाखवा. आणि मागून धरायची असेल तर? आणि तो उंच असेल तर?" ज्योती नावाची एक चावऱ्या जिभेची मुलगी आमच्यात होती. तिने नाव ठेवलं, पकडवाल्या काकू. काकूंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं आहे की. आडनावापेक्षा सोपं."

एकदा सरच वैतागले. "काकू, गुंडाला लागलं तर बिघडलं कुठे? त्यासाठीच तर शिकतोय आपण."

काकू सदऱ्यावरचा पट्टा आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुंड नाहीये हो तो. मुलगा आहे माझा."

सरांनी आम्हाला पळायला पाठवलं आणि ती दोघं खिडकीशी बराच वेळ बोलत उभी राहिली.

मुलाचं नाव मुकुंद. एकोणीस वर्षांचा होता, उंचीने बापाच्या डोक्यावर गेला होता, आणि बोलणं तीनचार शब्दांचं. डॉक्टरांनी मतिमंद एवढंच सांगून हात झटकले होते. पुढे काकूंशी माझी जवळीक वाढली, तेव्हा मी त्यांच्या घरी जायला लागले. दोन मजली जुन्या इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्या. मुकुंद खिडकीत बसून वाटीतले चुरमुरे एकेक करून खायचा आणि मला पाहिलं की अर्धी वाटी पुढे करायचा. इतका गोड पोरगा. पण पार्ल्यावरून विमानं जातात. आम्हाला त्यांचा आवाज ऐकूही येत नसे, इतका तो अंगवळणी पडलेला. मुकुंदला तो सोसायचा नाही. एखादं विमान फार खालून गेलं की तो उठायचा आणि भिंतीवर डोकं आपटायला लागायचा. पलंगाच्या वरच्या भिंतीवर काकूंनी गोधडी ठोकली होती. तिच्यावर मध्यभागी एक काळपट गोल होता.

"आधी मी त्याला ओढायची," काकू म्हणाल्या. "मी ओढलं की तो मला ओढायचा. दोघंही फुटायचो. एकदा ह्यांच्या गालाला टाके पडले. सर म्हणाले ना, जोराला जोर लावू नका, तो जाईल तिकडे त्याच्याबरोबर जा. ते ऐकलं आणि मला वाटलं, हे आजवर कुणीच कसं सांगितलं नाही."

ती पकड मी पाहिली आहे. विमान गेलं, मुकुंद उठला, आणि ह्या हातातलं लाटणं टाकून त्याच्या मागे गेल्या. काखेखालून हात घातले, छातीवर गुंफले, आणि त्याला न ओढता त्याच्याबरोबर मागे बसत गेल्या. पाठ पलंगाला टेकली, पाय त्याच्या पायांवरून आले. तो धडपडला. त्या त्याच्याबरोबर डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या. तोंडाने एकच, "झालं. गेलं. झालं." थोड्या वेळाने तो त्यांच्या अंगावर सैल पडला. काकूंच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर गादीवर पडतानाचं तेच हसू. मला म्हणाल्या, "पोळी करपली असेल, बघ गं जरा."

दसऱ्याच्या दिवशी क्लासमध्ये आपट्याची पानं वाटून झाल्यावर सरांनी सहज विचारलं, की तुम्हाला ह्यात सगळ्यात जास्त काय आवडतं. ज्योती म्हणाली, मोठ्या माणसाला आपटायला. कुणी म्हणालं, परीक्षेनंतर मिळणारा रंगीत पट्टा. मी म्हटलं, घरी गेल्यावर लागते ती भूक. काकू विचार करून म्हणाल्या, "थाप. दुखलं की गादीवर थाप मारायची आणि समोरची लगेच सोडते. रागावत नाही, का म्हणून विचारत नाही. मला त्याचीच मजा वाटते." आम्ही हसलो. त्याही हसल्या.

ते एक वर्ष बरं गेलं. मुकुंदच्या कपाळावरची सूज उतरली. काकूंचे यजमान, अबोल गृहस्थ, एकदा क्लासच्या दाराशी येऊन सरांना पेढे देऊन गेले. काय निमित्त, हे त्यांना सांगता येईना. "घरात जरा बरं आहे," एवढंच म्हणाले.

पण मुकुंद वाढत होता आणि काकूंचं वय होत होतं. एका दुपारी तो मागे येताना पूर्ण भारानिशी त्यांच्यावर कोसळला. पलंगाच्या कडेवर त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यांनी हात सोडले. सुटलेला मुकुंद भिंतीकडे गेला. शेजारचे चौघे धावून आले, त्याला पालथा घातला आणि त्याच्यावर बसले. वाळत घातलेल्या साडीने त्याचे हात बांधले. काकू एका हाताने त्यांना ढकलत सांगत होत्या, "असं नाही हो, असं नाही. मागून धरा." कुणाला ऐकू गेलं नाही. चौघे घाबरलेले होते, आणि मुकुंद ओरडत होता.

पुढचा निर्णय यजमानांनी घेतला. मी तिथे बसले असतानाच बोलणं झालं. "सुमन, तुला उद्या काही झालं तर मी एकटा काय करू? मला ती तुझी पकड येत नाही. मी शिकायचा प्रयत्न केला. मला नाही जमली." त्यांचा आवाज चढला नव्हता. काकूंनी गळ्यातल्या झोळीतला हात उचलून पाहिला, तो वर येईना.

कल्याणच्या पुढे एक संस्था होती. मुकुंदला तिथे ठेवलं. पहिल्याच महिन्यात काकू सरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही एकदा चला. तिथल्या लोकांना ती पकड शिकवा. एवढं कराच." सर रविवारी निघाले. काकूंबरोबर मीही गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा दिला. सरांनी मला पुढे बसवून पकड करून दाखवली. दोन सेवक दाराशी उभे राहून बघत होते. त्यातला एकजण लाजून हसला.

"चांगली आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पण बाई, हॉल भरून मुलं आहेत आणि माझ्याकडे माणसं ही दोन. एकाला धरून बसलं तर बाकीच्यांचं कोण बघणार? इंजेक्शन दिलं की दिवसभर काही त्रास नाही."

त्यात खोटं काही नव्हतं.

मुकुंद व्हरांड्यात बाकावर बसला होता. डोकं भादरलेलं, हनुवटीवरून लाळ. काकूंनी पुढे केलेली चुरमुऱ्यांची पुडी त्याने धरली आणि तशीच मांडीवर ठेवली. काकू त्याच्या मागे बसल्या आणि एका चांगल्या नि एका दुखऱ्या हाताने त्यांनी त्याला कवेत घेतलं. तो धडपडला नाही, रेललाही नाही. त्या बराच वेळ तशाच बसल्या. सर बागेतल्या नळाकडे बघत होते. परतताना वाटेत काकू एवढंच म्हणाल्या, "धरायला काही उरलंच नाही त्याच्यात."

हाड सांधलं, पण त्या क्लासला परत आल्या नाहीत. सर दोनदा बोलवायला गेले. "आता कुणासाठी?" असं काकूंनी विचारलं, तेव्हा सर चपला घालून निघाले. महिन्यातून एकदा त्या डबा घेऊन कल्याणच्या पुढे जायच्या आणि भरलेला डबा घेऊन परत यायच्या. दुसऱ्या पावसाळ्यात मुकुंदला न्यूमोनिया झाला. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, तोवर सगळं संपलं होतं.

भेटायला माणसं येत होती. प्रत्येकजण खाली बघत तेच म्हणत होता, "सुटला बिचारा. तुम्हीही सुटलात." काकू प्रत्येकाला "हो" म्हणत होत्या. पाणी द्यायला मी आत गेले, तेव्हा त्या मागोमाग आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"सगळे सुटलात म्हणतात. मी कधी म्हटलं होतं का गं, सोडवा म्हणून?"

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो पदराखाली घेतला.

पुढे माझं लग्न ठरलं, बोरीवलीला जायचं होतं. नमस्काराला गेले तर दुपार असूनही काकू झोपल्या होत्या. यजमानांनी हाक मारून उठवलं. त्यांनी केस सारखे केले, नारळ आणि खण काढला, माझी ओटी भरली. होणाऱ्या नवऱ्याची, घराची, सासूची चौकशी केली, सगळं रीतसर. दारापर्यंत आल्या आणि मी चपला घालत होते तेव्हा म्हणाल्या, "मूल झालं की कळव हं."

"कळवू काय, घेऊनच येईन," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "कळव," त्या म्हणाल्या. "आणू मात्र नकोस."