आया आणि लेकी एकाच प्लेटमध्ये

नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत आम्ही गोलकृमी पाळायचो. डोळ्यांना जेमतेम दिसणारा, दोन-तीन आठवडे जगणारा जीव. त्याच्या एका जनुकात बिघाड झाला की तो मरण्याऐवजी जास्त जगतो, असं तेव्हा बाहेरून कानावर येत होतं. आमच्याकडेही असा एक बदललेला वाण होता. तो खरंच जास्त जगतो का, हे माझी विद्यार्थिनी तपासत होती. तिची पीएचडी त्याच्यावरच उभी होती.

काम सोपं, पण खाडा चालत नसे. अंड्यांतून निघालेली पिल्लं तीनेक दिवसांत आईएवढी होतात. म्हणून आयांना रोज बारीक तारेने उचलून नव्या प्लेटमध्ये ठेवायचं. नाहीतर आई कोणती न् लेक कोणती, हे मायक्रोस्कोपखालीही सांगता येत नाही. साध्या कृमींची अंडी लवकर संपत. बदललेला वाण मात्र उशिरापर्यंत घालत राही.

ऐन त्या दिवसांत तिची आई वारली. ती साताऱ्याकडे गावी निघाली तेव्हा मीच म्हणालो, "तू जा. प्लेटा मी बदलतो."

मग सलग सुट्ट्या आल्या. वाशीला आमच्या नव्या घरात पूजा होती, पाहुणे होते. मी चपला घालू लागलो तशी बायको म्हणाली, "अहो, किडेच ना ते? पळून जाणारेत का कुठं?" सगळे हसले. मीही हसलो आणि चपला काढल्या.

सुट्ट्या संपल्यावर बदललेल्या वाणाच्या प्लेटचं झाकण उघडलं, तर प्लेटभर सारख्याच आकाराचे कृमी. मी अंदाजाने काही उचलले आणि त्यांना आया ठरवलं. ती परतली, आयांच्या जन्मापासूनचे दिवस धरून पुढे मोजत राहिली. बदललेला वाण खूप जगला. "आईचं वर्ष झालं असतं तर पेढे आणले असते, सर," ती म्हणाली.

निकाल छापून आला, पण दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत तो वाण तितका जगला नाही. आमच्याकडेही पुन्हा जगला नाही. चौकशी लागली. बाहेरच्या बाकावर तिने विचारलं,

"सर, मी गावी होते तेव्हा प्लेटा रोज बदलल्या होत्या ना?"

"रोज."

"मग मोजताना माझंच चुकलं असणार."

आत तिने तेच सांगितलं. मी ऐकत बसलो. माझी बढती तोंडावर होती. तिची पीएचडी तिथेच संपली.

पुढे ती कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागली, मालाचे नग मोजून घ्यायला. तिथला एक ओळखीचा माणूस हसत म्हणाला, "मॅडम प्रत्येक गाडी दोनदा मोजतात. ड्रायव्हर लोकांना टेन्शन. बोललं तर म्हणतात, माझं मोजणं कच्चं आहे."

त्याच्याबरोबर मी निरोप धाडला नाही. बायको गेल्यावर एकदा स्वतःच गेलो, तर ऑफिस कधीच उठलं होतं. ती कुठे आहे, कुणालाच सांगता आलं नाही.

तिचं मोजणं बरोबर होतं. आया मी हरवल्या. एवढंच तिला सांगायचं होतं.