सगळ्या पोरीच जेवल्या असं धर

वत्सलामावशींनी मला पहिल्यांदा गप्प केलं ते भाकरींवरून.

बीडच्या बस स्टँडमागे त्यांची खानावळ आहे. भरतीच्या क्लासची पोरंपोरी तिथे जेवतात. मीही जेवते. मी नांदूरघाटची. मराठी साहित्य घेऊन बीए झाले आणि तलाठ्याच्या परीक्षेसाठी इथे खोली घेतली.

त्या दुपारी पंगत उठली. मावशी आत तव्यापुढे होत्या. बाहेर कोण बसलंय ते त्यांना दिसत नव्हतं. रिकामी दुरडी पाहून म्हणाल्या, "तीस ताटं, शहात्तर भाकरी. म्हंजी आज सोळा पोरं जेवली."

"पंधरा," मी म्हणाले. "पंधरा पोरं आणि पंधरा पोरी. मी मोजलंय."

"आन् तू तीन खाल्ल्यास. तुला पोरांत धरली म्या."

सगळे हसले. मी लाजले, पण विचारलंच, "हे आतून कळलं कसं?"

"समद्या पोरीच जेवल्या असं धर. पोरगी दोन खाती. साठ झाल्या. मग वरच्या सोळा कुठं गेल्या? पोरगं एक जास्त खातं. सोळा भाकरी, सोळा पोरं."

क्लासमध्ये सर याच गणिताला क्ष मानायला लावतात, मग य मानायला लावतात. मला अर्धं पान लागतं.

मावशी मूळच्या तेलगावच्या. शाळा चौथीपर्यंत. पुढे सतरा हंगाम ऊसतोड. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा कोयता ठेवला आणि इथे चूल मांडली.

"हे शिकवलं कुणी?" मी विचारलं.

"फडानं. गाडीत किती मोळ्या बसतील, ह्येचा आधी अंदाज धरायचा. चुकला तर कमीजास्त करायचा. धरायला भ्यायचं न्हाई."

त्यांना भ्यायचं कारण घरातच होतं. त्यांची सून दिपाली पोलीस भरतीच्या मागे होती. यंदाच्या मैदानी चाचणीत तिला पन्नासपैकी चव्वेचाळीस मिळाले होते. पण लेखीत शंभरपैकी निदान चाळीस लागतात आणि मागच्या वर्षी तिला अडतीस पडले होते. अंकगणितानं बुडवलं. यंदाही झालं नाही, तर दसऱ्यानंतर तिला नवऱ्याबरोबर पुन्हा फडात जावं लागणार होतं. तिचा नवरा प्रविण टोळी नेणाऱ्या मुकादमाला पोळ्यापर्यंत थांबा म्हणाला होता.

परीक्षेला बारा दिवस होते. मावशी मला म्हणाल्या, "तू शिकलेली हाईस. शिकीव तिला."

मी दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी दिपालीने वही मिटली.

"ताई, ह्यो क्ष आला की मला घाम सुटतो. आठशे मीटर पळताना बी येवढा येत न्हाई."

मावशी पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "आता तू वाच पोरी, मी सांगती."

मी वाचलं. शेळ्या आणि कोंबड्या मिळून चाळीस डोकी, एकशे बारा पाय.

"शेळ्या बाभळीचा पाला खाताना कशा उभ्या राहत्यात?"

"मागच्या दोन पायांवर," दिपाली म्हणाली.

"तशा राहू दे उभ्या. भुईवर किती पाय?"

"ऐंशी."

"बाकीचे?"

"बत्तीस. ते झाडावर." ती थांबली. मग ओरडली, "सोळा शेळ्या!"

मी उत्तरं पाहिली. सोळा शेळ्या, चोवीस कोंबड्या. माझ्या वहीतला क्ष अजून पहिल्या ओळीतच होता.

पुढचं गणित मजुरांचं होतं. तीस मजूर. प्रत्येक पुरुष पाच खड्डे खणतो, प्रत्येक स्त्री तीन. एकूण खड्डे एकशे चौदा. तर पुरुष किती?

दिपालीने पेन्सिलही उचलली नाही. "पंधरा."

"इतक्या लवकर?"

"तीस माणसं म्हंजी पंधरा कोयते. पंधरा गडी, पंधरा बाया."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम जोडीच नेतो. तिने पाहिली होती तीच टोळी सांगितली. चार पर्यायांत पहिलाच पंधरा होता. आणि तो चूक होता.

मावशींना हसू आवरेना. पिठाचे हात तोंडाला लागले. "अगं, ती पुस्तकातली टोळी हाय! तिथं लगीन झालेलं पाहिजे असं न्हाई."

दिपालीचा चेहरा पडला. "बघा. मागच्या टायमाला बी असंच झालं. मला न्हाई जमायचं."

मावशींचं हसणं थांबलं. "कावून न्हाई? तुझे पंधराच धर. खड्डे किती झाले?"

"पंच्याहत्तर आन् पंचेचाळीस. एकशे वीस."

"पाहिजेत किती?"

"एकशे चौदा. सहा जास्त झाले."

"मग एक गडी घरी धाड. त्याच्या जागी बाई आण. किती कमी झाले?"

"दोन." तिने बोटांवर मोजलं. "तीन गडी धाडायचे. बारा राहिले. बारा!"

मी पुस्तक उघडून बसले होते. चुकीच्या आकड्यावरून निघूनही त्या दोघी बरोबर दारात पोचल्या होत्या. क्लासच्या तीन वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं की असं चालतं.

"चुकीचं धरलं तरी चालतं," मावशी म्हणाल्या. "फकस्त मोजून बघायचं. तू मोजल्याबगर उठतीस, त्येवढंच तुझं चुकतं."

उरलेले दिवस आम्ही तिघी तव्याजवळ बसलो. दिपाली काहीही धरायची. मग मोजायची, मग दुरुस्त करायची. मीही क्ष सोडला.

निवडयादी पोळ्याच्या चार दिवस आधी आली. दिपालीला लेखीत एकाहत्तर होते आणि मुलींच्या यादीत नाव होतं. तिने ते तीनदा वाचलं. मग ताटं तशीच टाकून अंगणात गेली आणि मोठ्यानं हसली.

तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. प्रविणने फोन छातीशी धरला. "आई, मुकादम म्हणतोय, यंदा जोडीनं येताव का न्हाई? बायको नसली तर दुसरी जोडीदारीण बघ म्हणतोय."

मावशींनी भाकरी उलटली. "त्याला म्हणावं, बायको पोलीस हाय. जोडीदारीण बघितली तर आत टाकील."

प्रविणने तसंच सांगितलं. पलीकडून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मुकादम म्हणाला, "आरं, मग पेढे कुठं हायती रं?"