ड्राय रूममधला नारळ

पाण्याशी इतकं उघड वैर धरलेला माणूस मी चाकणच्या अख्ख्या पट्ट्यात दुसरा पाहिला नाही. आमचे पावडरवाले सर लातूरकडचे, टँकरची वाट बघत लहानाचे मोठे झालेले. पाण्याची किंमत त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळते. पण कंपनीच्या गेटातून आत शिरले, की हवेतली ओलसुद्धा त्यांना सहन होत नाही. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे ओल मोजायचं छोटं यंत्र ठेवतात. निगडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते बाहेर काढून आकडा बघतात आणि पावसाळ्यात घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करतात. नव्याने लागलेल्या एका मुलीला त्यांनी पहिल्याच दिवशी, भर बसमध्ये, तुमचे केस नीट वाळलेत का, असं विचारलं. ती बिचारी तक्रार करायलाच निघाली होती. हवेतली ओल काढून टाकलेली आमची ड्राय रूम असते, तिथे ओल्या केसांनी जाता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ, हे मी समजावलं तेव्हा कुठे ती खाली बसली.

सरांचं काम तसं थोडक्यात सांगता येतं, पण ते स्वतः सांगायला लागले की बसच्या वाटेवरचं तळवडं मागे पडतं तरी वाक्य संपत नाही. मी स्टोअरमध्ये असल्यामुळे ऐकून ऐकून मला पाठ झालंय. आजच्या बॅटरीत पेट घेणारं द्रव असतं, त्याच्या जागी सरांना प्लॅस्टिकसारखी पातळ फिल्म बसवायची आहे. नुसत्या प्लॅस्टिकमधून लिथियम धड पुढे सरकत नाही, म्हणून त्यात सिरॅमिकची पावडर कालवायची. ती इतकी बारीक, की तिच्यापुढे मैदा म्हणजे खडी. कमी घातली तर उपयोग नाही, जास्त घातली तर गुठळ्या. त्यामुळे पाण्याखालोखाल सरांचा राग गुठळीवर. कॅन्टीनच्या पिठल्यात एकदा गुठळी निघाली, तर ताट घेऊन थेट आचाऱ्याकडे गेले. भांडायला नाही, बेसन एकदम ओतलं की थोडं थोडं, आणि हलवलं किती वेळ, हे विचारायला. पिठल्याच्या दिवशी आता आचारी कोठीच्या खोलीत जाऊन बसतो. सरांच्या घरी तांदळात, कपाटात, चष्म्याच्या डबीत, जिथे तिथे ओल शोषणाऱ्या पुड्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्याकडे पापड कधी सादळला नाही, एवढं कौतुक मात्र वहिनी करतात.

सरांच्या हाताखाली सोपानदादा पावडर कालवायचा मोठा मिक्सर चालवतात. राजगुरुनगरजवळच्या गावातले, ठेकेदारामार्फत लागलेले, उभं आयुष्य मशीनशॉपमध्ये काढलेले. खंडेनवमीला हळदकुंकू आणि नारळ मिळाला नाही तर मशीन रुसतं, यात त्यांना तिळमात्र शंका नाही. ड्राय रूममध्ये मात्र सरांची पूजेला साफ मनाई होती. त्यातून फिल्म लागोपाठ बिघडत गेल्या, कधी तडे, कधी गुठळ्या. शेवटी वरून निरोप आला, की पुढची फिल्म तपासणीत उतरली नाही तर विभाग बंद. सरांनी जीव ओतून ती फिल्म केली, ड्राय रूममध्ये काचेवर पसरून वाळत ठेवली आणि नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली.

सकाळी मी पावडरचा डबा द्यायला गेले तर ड्राय रूमचा, ओल वाढली की वाजणारा भोंगा वाजत होता. आत सोपानदादा पांढरा सूट, टोपी, मास्क, दुहेरी हातमोजे, सगळे नियम पाळून मिक्सरपुढे हात जोडून उभे. मिक्सरला झेंडूची माळ, हळदकुंकू आणि समोर फोडलेला नारळ. सर धावत आले, आत गेले आणि लगेच बाहेर आले. हवेतली ओल पिऊन फिल्म गुळासारखी चिकट झाली होती.

"पानी थेंबभर सांडू दिलं न्हाई, सर," दादा सांगत होते. "समदं वाटीत धरलंय."

वाटी उघडीच होती. आता सर फाडून खाणार, असं मला वाटलं. ते स्टुलावर बसले आणि देवाकडे मागितलं काय, एवढंच त्यांनी विचारलं.

"तुमची फिल्म पास व्हावी म्हनलं. दुसरं काय मागू?"

सरांनी माझ्याकडून बिघाडाचा फॉर्म मागून घेतला. त्यात दादांचं नाव आलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यांचा गेटपास गेला असता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दशांशाचा तिसरा आकडासुद्धा कधी इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसाने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दार बंद करायचं माझ्याकडून राहिलं.' हे तुमच्या फायलीत कायमचं राहील, असं मी म्हटलं. "खरं कारण मावण्याएवढा रकाना कुठाय, ताई?" म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. दादांना फक्त इतकंच सांगितलं, की पुन्हा करू.

हातापाया पडून सरांनी पंधरा दिवस मागून घेतले. नवी फिल्म केली आणि ती पास झाली. तिच्यासाठी कंपनीने मोठा प्लांट मंजूर केला, त्याचे प्रमुख सर होणार हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण फाइल उघडली, दाराची ती ओळ निघाली आणि एका तरुण साहेबांची नेमणूक झाली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सर मात्र यंत्र खिशात टाकून नेहमीसारखे ड्राय रूमकडे निघून गेले.

त्याच दुपारी सोपानदादा पेढे घेऊन स्टोअरमध्ये आले. फिल्म नारळानेच पास झाली, हे त्यांनी आधी मला बजावलं. मग पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरून, आवाज खाली आणून म्हणाले, "एवढी मोठी जागा चालून आली, तरी सर गेलं न्हाईत बगा. आमच्यासाठी ऱ्हायलं."

मी घाईघाईने एक पेढा तोंडात टाकला. तोंड रिकामं असतं तर खरं काय ते बोलून गेले असते.