खड्ड्यात उतरलेला बाइंडर

दुरुस्तीपलीकडे गेलेले धर्मग्रंथ लोक जाड्या बाइंडरकडे आणून देत. तो ते कापडात गुंडाळून मागच्या अंगणात पुरायचा. यंदा खड्डा छातीइतका खोल झाला. ग्रंथ वरून टाकणं त्याला बरं वाटेना, म्हणून तो आत उतरला आणि बायकोने दिलेलं एकेक गाठोडं एका कडेला नीट रचत गेला. वर यायच्या वेळी मात्र पोट आडवं आलं.

“पायरी समोरच आहे,” तो गाठोड्यांकडे बघत म्हणाला, “पण पाय ठेवायचा कसा?”

“मग तुम्हालाही सोबत पुरते,” म्हणत बायकोने हात दिला आणि धपकन त्याच्याच अंगावर आली. दोघं पोट धरून हसत सुटली.

शेजारीण धावत शिडी घेऊन आली. डोळे पुसत बायको म्हणाली, “जरा थांबा हो वहिनी. कितीतरी वर्षांनी दोघं निवांत बसलोय.”