दिवाळीचा अर्ज

माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आणि शुद्धलेखन चौथीतलं, त्याबद्दल माफी असावी.

मुलाच्या दुकानासाठी मी माझ्या शिपाईगिरीच्या पेन्शनवर कर्ज काढलं. दुकान बुडालं, त्याची मोटरसायकल मात्र नवीच राहिली. तो म्हणाला, "आई, दिवाळं जाहीर कर. कर्ज तं तुह्याच नावावर आहे."

मीच अर्ज लिहिला आणि अमरावतीहून अकोल्याच्या वकिलाकडे नेला. त्याने मोठ्याने वाचलं, "मला माझी दिवाळी जाहीर करायची आहे." मग विचारलं, "मावशी, फराळाले किती जण बोलावून राहिल्या?"

लाजून मी अर्ज परत घेतला. बसमध्ये वाटलं, दिवाळी तर खरंच चालली होती, पण मुलाची. घरी येताच मोटरसायकल विकायला लावली.

शेवटचा हप्ता वैशाखात फिटला. त्या दिवशी चकल्या तळल्या आणि मुलाला म्हटलं, "घे, केली जाहीर."