गुडघ्याच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं

मी आर्मीत नर्सिंग ऑफिसर होते. लेफ्टनंट म्हणून गेले, मेजर होऊन मलकापूरला घरी आले. पहिलं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात. ऑर्थो वॉर्ड, बत्तीस खाटा. पहाटे साडेपाचला राउंड. प्रत्येक खाटेपाशी तेच प्रश्न: ताप? दुखणं? झोप? आणि बत्तीस जवानांचं एकच उत्तर, "ओके मॅडम!"

का, ते तुम्हा सिव्हिलियन मंडळींना सांगायला हवं. दुखणं कागदावर आलं की मेडिकल कॅटेगरी घसरते. कॅटेगरी घसरली की प्रमोशन अडतं, गडी आपल्या युनिटपासून लांब पडतो. म्हणून सगळे लपवायचे. मीही लपवायची. घड्याळाच्या धातूनं माझं मनगट बिब्बा उतल्यागत लाल होऊन खाजायचं. मी घड्याळाखाली चिकटपट्टी लावायची आणि गप्प बसायची.

आता गुडघ्याचं. छप्पन्नाव्या वर्षी उजवा गुडघा पार झिजला. ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहवेना. माझी धाकटी जाऊ सुमन, तिनं मला धरूनच सांगलीला नेलं. डॉक्टर तरुण, पण नीट समजावून सांगणारे. त्यांनी टेबलावर सांध्याचा नमुना ठेवला. मांडीच्या हाडावर बसणारी टोपी कोबाल्ट-क्रोमची, खालच्या हाडाला टायटॅनियमची बैठक, मध्ये टणक प्लास्टिकची गादी.

"मॅडम, या ऑपरेशनसाठी तुमचं वय तसं कमी आहे. ही गादी झिजते. पुढं कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. विचार करून सांगा."

"विचार झाला. तारीख द्या."

गुरुवार मिळाला. बाहेर काउंटरवर फॉर्म भरायचा होता. 'धातूची ॲलर्जी आहे का?' मी 'नाही'वर खूण केली. हात जरासुद्धा अडला नाही बघा.

सुमन खांद्यावरून वाचत होती.

"आवं आक्का, लग्नात खोट्या पाटल्या घातल्या तवा हात कसला सुजला हुता तुमचा! त्ये न्हाई व्हय लिवलं?"

"चूप बस. तारीख जाईल."

"जाऊ द्या की! घड्याळ काडून ठिवता येतंय. गुडघा काय काडून खुटीला अडकवनार हाय व्हय?"

मला हसू आलं. बाकावर टेकले, आणि माझ्या त्या पहिल्या वॉर्डातला जवान आठवला, नाईक शंकर.

शंकर आटपाडीकडचा. इंजिनिअर रेजिमेंट, वय सव्वीस. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशनचा नववा दिवस. वॉर्डभर सगळ्यांच्या नकला करायचा, माझ्या चालण्याचीसुद्धा खाटेवर बसल्या बसल्या हातांनी करायचा. त्या दिवशी राउंडला मी विचारलं, "शंकर, पोटरी दुखते का?"

"आवं मॅडम, माळावर वाढलेला गडी हाय मी. काय न्हाई दुखत. ओके लिवा."

मी हसले आणि ओके लिहिलं. पोटरी दाबून बघितली नाही.

सहा चाळीसला वॉर्डबॉयची हाक आली. शंकरला श्वास घेता येत नव्हता. ऑक्सिजन लावला. ड्युटी डॉक्टरांना फोन केला.

"सर, बेड फोर्टीन. ब्रेथलेस."

"कमिंग."

ते धावत आले. जे करायचं ते सगळं केलं. साडेसातला शंकर गेला. पोटरीतली गुठळी फुप्फुसात पोचली होती. शेजारच्या खाटेवरचे हवालदार मग म्हणाले, चार दिवस दुखत होतं त्याला. युनिटला लवकर परतायचं होतं.

मी बाकावरून उठले आणि लंगडत परत डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"डॉक्टर, फॉर्मवर मी खोटं लिहिलंय."

सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः नर्सिंग ऑफिसर!"

"म्हणून तर इतक्या सफाईनं लिहिलं."

गुरुवार गेला. पाठीवर वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या चिकटवून ॲलर्जीची तपासणी झाली. निकेलची जागा लालभडक. डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या सांध्यात निकेल अगदी किंचित असतं, सगळ्यांनाच त्यानं त्रास होतो असं नाही, पण माहीत असताना धोका कशाला? त्यांनी वरून वेगळा लेप दिलेला सांधा मागवला. तो येईपर्यंत तीन आठवडे कळ काढली. ऑपरेशन नीट पार पडलं.

आज मी मळ्यापर्यंत चालत जाते. डॉक्टरांचे उपकार तोंडावर मानले. सुमनचे मानायला गेले तर म्हणते कशी, "उपकार ऱ्हाऊ द्या. आता उभं ऱ्हाऊन भाकरी तुमीच थापा."

शंकरचे मानायला तो नाही. लढाईत पडलेल्यांची नावं गावच्या दगडावर कोरतात. हॉस्पिटलच्या खाटेवर गेलेल्यांची कोण कोरतं? म्हणून इथं लिहिते. नाईक शंकर, तालुका आटपाडी. सगळा वॉर्ड हसवायचा. लय गुणी पोरगं होतं.