तिकडून उघडून दावा

"सेव्ह झालं म्हणू नका, ताई. तिकडून उघडून दावा."

हे आमच्या जुन्या नक्षीकार काकांचं पालुपद. सोलापुरातल्या आमच्या चादरींच्या कारखान्यात नक्षीच्या खोलीत दोनच संगणक होते. त्यांचा जुना, माझा नवा. दोघांच्या सिस्टिम वेगळ्या, त्यामुळे रोजची धुसफूस. मध्ये एक सामायिक फोल्डर, तो माझ्या मशिनवर. मी फाइल ठेवली की काका चपला घालून चार पावलांवरच्या आपल्या खुर्चीत जायचे, ती उघडून बघायचे आणि मगच चहा प्यायचे. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी हसायचे.

नक्षी चोरीला जाऊ नये म्हणून शेठनी पेनड्राइव्हच्या खाचा लाखेनं बुजवल्या होत्या. मोबाइल दारातच जमा. नक्षी बाहेर न्यायची तर त्या फोल्डरमधूनच.

शेठना जुनं मशीन काढायचं होतं, आणि त्याबरोबर काकांनाही. काकांनी एक नक्षी काढायची संधी मागून घेतली. "ही पसंत पडली तर ठेवा, न्हायतर होटगीला घरी बसतो की." नऊ दिवस ते मोर काढत होते, पुरा होईपर्यंत आपल्याच मशिनवर ठेवून.

दहाव्या दिवशी त्यांच्या मशिनची डिस्क गेली. मोर फक्त पडद्यावर उरला. काका तो फोल्डरमध्ये ठेवायला गेले, तर संदेश आला, इथे लिहिण्याची परवानगी नाही.

"ताई, फोल्डरला कुणी हात लावलाय का? राग न्हाय, फकस्त सांगा."

आदल्याच दिवशी मी सेटिंग बदलली होती. काकांच्या हातून माझं काही पुसलं जाऊ नये, म्हणून माझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही असं केलं होतं. पण शेठ दारात उभे होते.

"नाही, काका," मी म्हणाले.

शेठ वळले की गुपचूप बदलू, असं ठरवलं. शेठ वळले, आणि लाइट गेली. माझ्या मशिनला बॅटरी नव्हती; ते बंद, फोल्डरही बंद. काकांच्या मशिनला जोडलेली बॅटरी जुनी, ती लगेच टूंटूं करायला लागली.

काकांनी कपाटातून चौकटीचा कागद ओढला. पूर्वी ते नक्षी कागदावरच काढायचे. पडद्याकडे बघत भराभर चौकटी भरू लागले. "ताई, तुमी पिसारा घ्या, मी मान घेतो." मी एकही चौकट भरली नाही, माझ्या मशिनचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

मान झाली. डोळा राहिला. पडदा काळा झाला.

महिनाअखेर निघताना काका एवढंच म्हणाले, "तिकडून उघडून बघत जावा. आता मी न्हाय."

तो कागद माझ्याकडे आहे. खरं काय ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही, आणि याची मला लाज वाटते. अजूनही फाइल ठेवली की मी चपला घालते आणि चार पावलं चालत जाते. तिथे आता नुसतं टेबल आहे.